अण्णांच्या होडीत पहिलं कोण बसणार

विरूपाक्षअण्णांना संशय यायला फारसं काही लागत नसे. समोरचा हसला तरी यायचा, आणि गप्प बसला तर हमखास यायचा. दुकानात गुळाची ढेप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक नीट बोललं की हा माणूस इतकं नीट का बोलतोय, म्हणून अण्णा रात्री जेवताना बायकोचं डोकं खायचे. शांतव्वा हूं हूं करत भाकरी वाढायची. तिनं जन्मभर तेच केलं होतं.

अण्णा मूळचे गडहिंग्लजकडचे. शाहूपुरीत त्यांचं गुळाचं दुकान, मागं गोदाम. मुलगी सौंदर्या हिचं लग्नसुद्धा त्यांनी कोल्हापुरातूनच लावलं. पण पंचगंगेच्या घाटावर अजून सगळे त्यांना ‘पावणं’ म्हणायचे. घाटावर नावमालकांचं एक मंडळ होतं. ज्याची स्वतःची होडी तो सभासद, एवढाच नियम. पावसाळा सरला, बंधाऱ्याला पाणी अडवायचे बरगे बसले आणि नदी काठोकाठ तुंबली की मंडळाच्या सहली सुरू व्हायच्या. कधी नुसतीच संध्याकाळची फेरी आणि काठावर भडंग, कधी बायकापोरांसकट वर प्रयाग नावाच्या जवळच्या संगमापर्यंत. तिथं चुलीवर तांबडा-पांढरा रस्सा रटरटायचा आणि मटण न खाणाऱ्या अण्णांसाठी वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळी पळी. ती पळी खरंच वेगळी आहे का, हे अण्णा दर वेळी निरखून बघायचे. आता बोला.

ह्या सहलींना अण्णा जायचे ते गैबीभाईंच्या होडीतून. गैबीभाईंचं जीप-ट्रकच्या सीटा शिवायचं दुकान अण्णांच्या दुकानाला लागूनच. मोठ्या मनाचा माणूस, हाक मारून चहा पाजणारा. अख्ख्या कोल्हापुरात अण्णांचा विश्वास बसला असेल तर ह्या एका माणसावर, तोही एक पाय काठावर ठेवूनच. पण दुसऱ्याच्या होडीत बसणारा तो पाहुणाच. मंडळाच्या बैठकीत अण्णा बोलायला लागले की अध्यक्ष बाळासो हसून म्हणायचे, पावणं, तुम्ही चहा घ्या. ते अण्णांना फार लागायचं. आपल्याला ह्यांच्यातलं म्हणावं, एवढीच त्या माणसाची भूक होती. म्हणून सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांनी मलकापूरकडच्या एकाकडून जुनी लाकडी होडी घेतली, गोदामात आणून ठेवली आणि तिला निळा रंग दिला.

दिवाळी झाल्यावर होडी टेंपोतून घाटावर आली. उतरवून घ्यायला सगळे धावले. बाळासोंनी फळीवर बोटांनी टकटक केलं, सांध्यावरून नख फिरवलं आणि गैबीभाईंकडे बघितलं. गैबीभाईंनी मान डोलावली. दोघं हसले. अण्णांच्या मनात पाल चुकचुकली. हसले का? होडीत खोट असेल तर तोंडावर सांगावी की. त्यांनी जवळ जाऊन काय झालं म्हणून विचारलं, तर दोघंही काय न्हाय, काय न्हाय म्हणत चहाच्या गाड्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा घाटावर आले तर होडी जागेवर नाही. दोर मात्र बाभळीला तसाच. दोराचा माग काढत ते पायरीखाली उतरले. कमरेइतक्या पाण्यात, तळाला, त्यांची निळी होडी बुडून पडली होती. आत धोंडे भरलेले. आपोआप बुडलेली नव्हे, कोणीतरी मुद्दाम बुडवलेली. शेजारी झुंबरबाई रोजच्यासारखं धुणं बडवत होती. तिला विचारलं तर ती सहज म्हणाली, “काल सांजच्याला गैबीभाई आनि बाळासो आलते की. त्येच धोंडं भरत हुते.” आणि पुन्हा धुणं बडवायला लागली.

बाळासोंचं अण्णांना नवल वाटलं नाही. पण गैबीभाई? अण्णा पायरीवर बसले. मग हळूहळू सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात जुळत गेला, कारण असले हिशेब जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आपण सभासद झालो तर बैठकीत बोलणार, हे ह्यांना नको. पाहुणा तो पाहुणाच राहावा. इतकी वर्षं शेजारी चहा पाजला तो ह्याच्यासाठी! त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला.

दुसरा कोणी असता तर तिथून तडक सीटांच्या दुकानात जाऊन त्यानं गैबीभाईंची गचांडी धरली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, आणि दोन मिनिटांत प्रकरण मिटलं असतं. पण अण्णा कसले विचारतात! विचारलं की समोरचा सावध होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी त्याच रात्री गुपचूप चार हमाल आणले, होडी वर काढली आणि टेंपोत घालून पुन्हा गोदामाच्या अंगणात नेली. उन्हात उलटी घालून खडखडीत वाळवली. वाळल्यावर फळ्यांच्या मधे फटी दिसायला लागल्या, तेव्हा त्या धोंड्यांनीच पडल्या असणार असं ठरवून त्यांनी त्या लांबीच्या लुकणानं बुजवल्या आणि वरून निळा हात फिरवला. शांतव्वानं एकदा सुचवलं की गैबीभाईंना एका शब्दानं विचारा तरी. अण्णा तिच्यावर असे वसकन ओरडले की ती आत निघून गेली.

सहलीपर्यंतचे दिवस अण्णांनी मूग गिळून काढले. गैबीभाईंनी चहाला हाक मारली की पोट बिघडलंय म्हणायचे. गैबीभाईही होडीचं नाव काढत नव्हते, तोंडावर मात्र मिश्कील हसू. ते हसू बघून अण्णांच्या अंगाची लाही लाही व्हायची. बघतोच, ते मनात म्हणायचे, सगळ्यांच्या देखत माझी होडी प्रयागला नेतो की नाही ते बघा.

सहलीच्या दिवशी ते उजाडायच्या आत घाटावर हजर. होडी पाण्यात सोडली, नारळ फोडला. एकेक सभासद आला. निळी होडी तरंगताना बघून बाळासोंनी पाठीवर थाप मारली. अण्णांनी ती थाप सहन केली. मग गैबीभाई आले, त्यांच्यामागं त्यांची बायको सुलतानबी आणि सहा वर्षांची नात तहरीम. गैबीभाईंनी काही न विचारता नातीला उचलून अण्णांच्या होडीत ठेवलं आणि सुलतानबींना हात देऊन बसवलं. शांतव्वाला म्हणाले, वहिनी, तुम्ही आमच्यात या.

अण्णांच्या कपाळावर आठी पडली. हा आता नवा काय डाव? आपली माणसं इकडे आणि माझी बायको तिकडे? नजर ठेवायला पाठवलंय बाईला, दुसरं काय. पण बाईमाणसाला ऊठ कसं म्हणायचं? त्यांनी दात आवळून वल्ही मारायला सुरुवात केली.

पूल मागं पडला. दोन्ही काठांना ऊस, पाणी संथ. सुलतानबी खुशीत होत्या. त्या इकडचं तिकडचं बोलत होत्या आणि अण्णा तोंडाला कुलूप घालून बसले होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, की आज गैबीभाईंनी आपल्या घरच्यांना इकडे का बसवलं.

“आमच्यांनी बुडवली, मग मला बसायलाच पायजे की अण्णा,” सुलतानबी म्हणाल्या. “रीतच हाय ती.”

आणि मग त्यांनी हसत हसत सगळं सांगितलं. लाकडी होडी उन्हाळाभर कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. म्हणून पाण्यात सोडण्याआधी ती धोंडे भरून बुडवून ठेवायची. सहलीच्या सकाळपर्यंत फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि सांधे घट्ट मिटतात. पण मालकानं आपल्या हातानं आपली होडी बुडवायची नाही, ते अशुभ. ती मंडळातल्या जिवाभावाच्या माणसानं बुडवायची, मालकाला न सांगता; मालकानं विचारायचं नाही आणि सहलीपर्यंत बुडालेल्या होडीकडे कोणी बघायचंही नाही. आणि ज्यानं बुडवली त्याच्या घरची माणसं पहिल्यांदा तिच्यात बसणार, म्हणजे काम चोख केलंय ह्याची ती हमी. अण्णांची होडी बुडवायला बाळासो मागत होते, पण गैबीभाई अडून बसले, पावण्यांची होडी मीच बुडवणार म्हणाले. आणि अण्णांनीही बुडालेली होडी बघून चकार शब्द काढला नाही, ह्याचं घाटावर सगळ्यांना कौतुक. गडहिंग्लजचा असून माणसाला आपली रीत ठाऊक आहे, असं बाळासो चारचौघांत बोलले म्हणे.

अण्णांनी वल्ही थांबवली. त्यांनी पायाखाली बघितलं. फळ्यांच्या सांध्यातून लांबी ओली होऊन सुटत होती आणि तळाला पाणी चढत होतं, थोडंसंच.

तेव्हाच ओरडायला हवं होतं. होडी काठाला लावायला हवी होती. पण ओरडायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं! ज्या दिवशी आपण ह्यांच्यातले झालो त्याच दिवशी? संगम आता दिसायला लागला होता. तिथवर पोचू, अण्णांनी ठरवलं, मग गुपचूप बघू. ते जिवाच्या आकांतानं वल्ही मारायला लागले. तहरीमनं पाय वर घेतले आणि पाय भिजतायत म्हणून सांगितलं. अण्णा म्हणाले, वल्ह्याचं पाणी आहे ते, बस गप.

मग एका सांध्यातली लांबी सगळीच्या सगळी निघाली. पाणी भसकन आत आलं. होडी एका अंगाला कलली, सुलतानबी किंचाळल्या आणि तहरीम पाण्यात गेली.

गैबीभाई कधी उडी मारून आले ते अण्णांना कळलंच नाही. दिसलं ते एवढंच की त्यांनी नातीला केसांना धरून वर काढलं. बाळासोंच्या होडीनं सुलतानबींना घेतलं. अण्णांना पोहता येत नव्हतं. ते बुडत्या होडीची कड कवटाळून होते, त्यांना मागून कोणीतरी ओढत काठावर आणलं.

काठावर तहरीम खोकून खोकून रडली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मंडळींनी होडी ओढून वर घेतली. गैबीभाई ओल्या कपड्यांनी तिच्यापाशी बसले. सांध्यात त्यांचं बोट आरपार गेलं. ते उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “माझा हात चुकला. आता हितनं फुडं मी कुनाची होडी बुडवायचा न्हाय.”

अण्णांनी खरं सांगितलं नाही. त्यांनी मान खाली घातली, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनाला तेवढ्यात जरा बरंसुद्धा वाटलं. शांतव्वा त्यांच्याकडे बघत होती. जन्मभर हूं हूं केलेली ती बाई पुढं आली.

“तुमचा हात चुकला न्हाय, गैबीभाई,” ती म्हणाली. “ह्यांनी दुसऱ्याच दिवशी होडी वर काढून उन्हात टाकलती. तुम्ही वाईटावर उठून बुडवली, असं वाटलं ह्यांना.”

बाळासो शिवी द्यायला निघाले, गैबीभाईंनी हातानं थांबवलं. ते अण्णांच्या समोर येऊन उभे राहिले. रागावलेले नव्हते, तेच वाईट.

“ते जाऊ द्या,” ते म्हणाले. “पानी येतंय हे कवा दिसलं तुमास्नी?”

अण्णांनी नजर होडीकडे वळवली. तहरीम आजीच्या पदरात गुंडाळलेली होती. तिनंच सांगितलं, की तिनं कधीच सांगितलं होतं, पण अण्णा म्हणाले वल्ह्याचं पाणी आहे. गैबीभाईंनी मान हलवली आणि ते चुलीकडे गेले. त्या दिवशीही अण्णांसाठी वेगळी चूल पेटली, वेगळं पातेलं चढलं.

मंडळातून त्यांना कोणी काढलं नाही. पुढच्या वर्षी बरगे बसले, सहल ठरली, आणि अण्णांची होडी घाटावर कोरडीच पडून राहिली. कोणी तिच्याकडे फिरकेना. अण्णा रोज सकाळी जाऊन बघायचे, बुडवलीय का म्हणून. शेवटी लाज गुंडाळून ते सीटांच्या दुकानात गेले आणि माझी होडी बुडवा म्हणाले. गैबीभाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला. बुडवतो की, म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी ती धोंडे भरून चोख बुडवली.

सहलीच्या सकाळी निळी होडी पाण्यावर आली ती टणटणीत, आत थेंब नाही. अण्णांनी नारळ फोडला आणि वल्ही घेऊन उभे राहिले. सुलतानबी नातीचा हात धरून आल्या, अण्णांना सलाम केला आणि आपल्या होडीत जाऊन बसल्या. शांतव्वाही तिकडेच बसली. अण्णांनी गैबीभाईंकडे बघितलं. हमीची माणसं बसल्याशिवाय होडी हलत नाही, हे आता त्यांनाही ठाऊक होतं.

“होडी मी बुडवलीया, ती गळायची न्हाय,” गैबीभाई हळूच म्हणाले. “पर आमची मानसं तुमच्या हातात द्यायला मन धजत न्हाय, अण्णा.”

त्यांनी आपल्या होडीचा दोर सोडला. एकेक होडी घाटावरून निघाली आणि पुलाखालून वर गेली. अण्णांची होडी पाण्यावर कोरडी ठाक उभी होती, आणि तिच्यात बसायला कोणी नव्हतं.