बाटलीतला दहावा डोस

वारज्यातल्या बाळ उकिडव्यांचा डावा दंड अख्ख्या सोसायटीने पाहिलेला होता. मे महिन्यात लसीकरण केंद्राबाहेर नगरसेवकाने एक फोटोची चौकट उभी केली होती. तिच्यावर नगरसेवकाचं तोंड भोपळ्याएवढं, लसीची बाटली लिंबाएवढी, आणि मधल्या भोकात बाही वर करून, दंडावर कापूस धरून उकिडवे. फोटो ग्रुपवर पडल्या पडल्या एकशे बारा अंगठे आले.

त्या फोटोत कापूस तेवढा खरा होता, तोही बायकोने, हेमाने, घरून दिलेला. 'तिथला नको' म्हणून.

झालं होतं असं, की रांगेत पुढच्या माणसाच्या दंडात सुई जाताना उकिडव्यांनी पाहिली आणि ते दोन पावलं मागे सरकले. एकावन्न वर्षांचा हा माणूस, पण सुई म्हटलं की पाच वर्षांचा. 'लघवीला जाऊन येतो' म्हणून जे सटकले ते थेट त्या चौकटीतच उगवले. मग दोन दिवस पांघरूण घेऊन पडले, कण्हले, हेमाने केलेला मेतकूट-भात दोन वेळा मागून खाल्ला, आणि तिसऱ्या दिवशी उठून ग्रुपवर 'लस घेताना घ्यायची काळजी' या विषयावर अकरा मुद्दे टाकले. दुसरा डोस त्यांनी ऑफिसच्या कॅम्पात घेतला. म्हणजे तसं घरी सांगितलं. सर्टिफिकेटचं विचारलं की सर्व्हर डाऊन असायचा. सर्व्हरएवढा गुणी साक्षीदार पुण्यात दुसरा नाही.

डिसेंबर उजाडला आणि हेमाच्या दुसऱ्या डोसची तारीख आली. मनपाच्या शाळेत केंद्र होतं. मे महिन्यात जिथे लोक चपला ठेवून नंबर लावत होते, तिथे आता बाकांवर मोजून नऊ माणसं. उकिडवे दाराशी उभे राहून देखरेख करत होते.

"बाटली फोडणार नाही," प्रियदर्शनी सिस्टरनी जाहीर केलं. "एका बाटलीत दहा डोस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची. एक वाया गेला तरी वरून मला विचारतात. दहावा माणूस आणा, नाहीतर उद्या या. चारला मी बंद करते."

"काल बी आलतो मी," कोपऱ्यातले वैजनाथ म्हणाले. परभणीकडचा माणूस, कंपनीच्या गेटवर वॉचमन. "काल सातच भरले. उद्यापासून दुसऱ्या डोसचा कागद नसंल तर मलाच गेटातून आत घेत नाहीत म्हणले. बदलीचा माणूस बी बघून ठेवलाय त्यांनी."

"मग आज माणूस भरायला सांगा देवाला," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या हातात फक्त सुई आहे."

हेमा वळली. "अहो, तुमच्या एवढ्या ओळखी. नुसते उभे काय राहताय? एक माणूस आणा की धरून."

साडेतीन वाजले होते. उकिडवे रस्त्यावर आले. आयुष्यभर लोकांना गंडवत आलेला माणूस. एका एक एप्रिलला त्यांनी अख्ख्या बी विंगला बादल्या घेऊन न येणाऱ्या टँकरच्या रांगेत उभं केलं होतं. त्यांना एक माणूस जड नव्हता.

पहिला सापडला तो पांढऱ्या टोपीतला एक निवृत्त गृहस्थ. "आत फुकट बीपी तपासतात," उकिडव्यांनी गळ टाकला. गृहस्थ लगेच आत आले, बीपी तपासून घेतलं, आणि लसीचा विषय निघताच खिशातून लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवलं. "दोन्ही झालेत. एप्रिल आणि जुलै. खोटं बोलून माणसं गोळा करायला तुम्ही काय निवडणुकीला उभे आहात?"

दुसरा केळीवाला. एकही डोस न घेतलेला, धडधाकट, चक्क तयार.

"तुम्ही घेतली का, साहेब?"

"घेतली म्हणजे? दोन्ही."

"काय व्हतं?"

इथे उकिडव्यांनी तोंड आवरायला हवं होतं. पण सहा महिने घोटलेलं भाषण ते, आपोआप सुरू झालं. पहिल्या रात्री हुडहुडी, दुसऱ्या दिवशी अंग असं मोडून येतं की कूस बदलवत नाही, तोंडाची चव जाते...

"दोन दिस झोपून राहू? मग माल कोण इकणार?" केळीवाल्याने गाडी ढकलली. "नको, साहेब. तुम्ही सांगितलं ते बरं केलं."

न आलेल्या तापाने आलेला माणूस घालवला.

चारला दहा कमी असताना उकिडवे हात हलवत परतले. सिस्टर बर्फाच्या डब्याचं झाकण लावत होत्या. हेमाने पर्स उचलली. वैजनाथ उठले, त्यांनी आधार कार्डाची घडी घातली आणि ते परत बसले. आता कुठे जावं हे ठरत नसावं.

कुणी भांडलं असतं, ओरडलं असतं तर उकिडव्यांना बरं पडलं असतं. त्यांनी दुप्पट ओरडून दाखवलं असतं. पण सगळे नुसते उठायला लागले. दहावा माणूस या खोलीतच आहे, हे त्या खोलीत फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि त्याला घाम फुटला होता.

ते हळूच लॅपटॉपवर नोंदी करणाऱ्या सलोनीच्या कानाशी गेले. "मी एक जादा घेतो. तिसरा. गपचूप."

"काका, थर्ड अजून स्टार्टच नाही झाला. थांबा, तुमचं स्टेटस बघते. आधार द्या." तिने टकाटका आकडे मारले. मग तिचा आवाज खोलीभर गेला. "काका, तुमचं रेकॉर्डच नाहीये. फर्स्ट पण नाही दाखवत."

"सर्व्हर डाऊन असेल."

"आज मस्त चालूये सर्व्हर."

हेमाने पर्स परत बाकावर ठेवली.

"हे बघा," सिस्टर म्हणाल्या, "चुकीची नोंद मी करणार नाही. पहिला का दुसरा, स्पष्ट सांगा. चारला सहा मिनिटं आहेत."

नऊ माणसं बघत होती. उकिडव्यांनी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, बाहेर स्वच्छतागृहाचा बाणही होता.

"पहिला," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"पहिला."

हेमा जवळ आली. आवाज न चढवता तिने विचारलं, "आणि तो ताप?"

"कणकण होती गं थोडी."

"दोन दिवस मी तुमचे पाय चेपले."

"पाय खरंच दुखत होते."

"वहिनी, तुमच्या पाया पडतो," वैजनाथ मधे पडले. "आधी बाटली फुटू द्या. मग ह्यांना पाहिजे तिथं फोडा."

बाटली उघडली. उकिडवे दहावे, त्यामुळे आधीच्या नऊ सुया त्यांना बघाव्या लागल्या. मधे आठवी हेमाची. तिने सुईकडे पाहिलंच नाही, सगळा वेळ नवऱ्याकडेच पाहिलं. मग त्यांची पाळी आली. त्यांनी डोळे मिटले, बाही वर केली, आणि 'संपलं' हे सिस्टरना त्यांना दोनदा सांगावं लागलं.

अर्धा तास निरीक्षणाच्या खुर्च्यांवर बसायचं होतं. वैजनाथ फोनवर आलेलं सर्टिफिकेट सलोनीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेत होते. हेमा मधे एक खुर्ची सोडून बसली.

"ग्रुपवर तुम्ही टाकता का मी टाकू?" तिने विचारलं.

"टाकतो," उकिडवे म्हणाले. ते खरंच पांढरे पडले होते.

सिस्टर वही घेऊन आल्या. "काय त्रास होतोय का? गरगरतंय?"

"थोडंसं..."

"सिस्टर," हेमा म्हणाली, "ह्यांचं बोलणं लिहून घेऊ नका. नाडी बघा."