झिजलेल्या कडेचं माप

मित्रांनो, माझ्या वाटीची डावी कड झिजून तिरपी झाली आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढची सगळी गोष्ट तिचीच आहे. मी हॉटेलातला एक जुना लाकडी डाव.

एका सुताराने मला अखंड लाकडातून कोरलं, तेलात मुरवलं आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात आणून दिलं. इथे लांबलांबचे पाहुणे जेवायला येत, ते खास डोंगराकडच्या गावांचा स्वयंपाक खायला. तो रांधणाऱ्या मावशी त्याच गावांतल्या. त्यांना सगळे मावशीच म्हणत, अगदी वयाने मोठे मॅनेजरसाहेबसुद्धा.

मावशींचा एक नेम होता. पाहुण्याच्या आधी रस्सा चाखायचा नाही. "देव पानावर बसलाय आणि आपण आधी उष्टावायचं? छे गं बाई!" असं म्हणायच्या. त्यामुळे सगळी भिस्त मापावर. मीठ पाण्यात विरघळवून ठेवायचं आणि मोठ्या पातेल्याला त्या पाण्याचे तीन डाव घालायचे. मग देवाचं नाव गुणगुणत ढवळायचं. त्यांचा सूर लागला की मीही पातेल्याच्या काठावर ताल धरायचो. तीस वर्षं ताल धरला. घासून घासून माझी कड गेली, तशा मावशी तीनच्या जागी चार डाव घालू लागल्या. पाहुणे ताट पुसून खायचे. बाहेरून "रस्सा फर्मास!" असा निरोप आला, की मावशी मला धुताधुता विचारायच्या, "ऐकलंस का रे?"

पुढे मावशींचे गुडघे धरले. त्या घरी बसल्या आणि त्यांच्या जागी भाची आली. त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी स्टीलचे नवे डाव आणले. "हे काय अर्ध्या ओठाचं ठेवलंय?" म्हणत त्यांनी मला कोठीच्या खिडकीत फट राहावी म्हणून खुपसलं. सहा आठवडे ऊन आणि धूळ खाल्ली. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं.

त्याहून वाईट म्हणजे ताटं परत येऊ लागली.

"आपण रस्सा वाढतोय की समुद्र?" मॅनेजरसाहेब कडाडले.

"साहेब, चार डाव चोख मोजून घालते हो. मावशीच्या मापात मी कसा हात घालू?"

"रविवारी मालक जेवायला येणार आहेत. तेव्हाही असंच झालं, तर हा गावाकडचा स्वयंपाक बंद. चार हॉटेलांत मिळतं तेच आपणही ठेवू."

भाचीने कोठीत येऊन, माझ्याशेजारी उभं राहून डोळे पुसले. मला सगळं कळत होतं. पण डावाला वाचा कुठली?

शनिवारी तिने मावशींना गाडीतून आणलं आणि पाहुण्यांच्या टेबलावर बसवलं. मावशी त्या बाजूला पहिल्यांदाच बसल्या, तेही खुर्चीच्या काठावर, अवघडून. एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"काय गं, मीठ किती घातलंस?"

"चारच डाव. तूच सांगितलंस ना!"

"डाव दाखव बघू."

भाचीने चकचकीत डाव आणला. मावशींनी तो उलटासुलटा केला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं माझे आई! चार सांगितले, पण कुठल्या डावाचे ते सांगितलंच नाही. चुकलं माझं. हा तर काठोकाठ भरतो, याचे तीन पुरेत. माझा तो तिरपा कुठाय?"

मला खिडकीतून काढून गरम पाण्याने धुतलं, तेल चोळलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "आता स्टीलचे तीन घाला. मिटलं!"

"मिटलं की," भाची म्हणाली, "पण मला हाच हवा. याला मावशीचा हात माहीत आहे."

रविवारी मालक बाहेर जेवायला बसले. कोपऱ्यातल्या टेबलावर मावशी. आत भाची लाजतलाजत गुणगुणू लागली. किती दिवसांनी मी काठावर ताल धरला! ताट अजून बाहेर गेलंही नव्हतं, पण माझा आवाज ऐकून मावशींनी डोळे मिटले. "जमलं पोरीला," त्या म्हणाल्या. मालकांनी रस्सा दोनदा मागून घेतला. डोंगराकडचा स्वयंपाक राहिला.

मित्रांनो, तुमच्याही घरी काहीतरी झिजलेलं असेल. एखादी वस्तू, नाहीतर एखादं माणूस. त्याला खिडकीत खुपसण्याआधी एवढंच विचारा, हे कुणासाठी झिजलं? आणि उत्तर मिळेपर्यंत जरा थांबा. आमच्यासारख्यांना लगेच बोलता येत नाही.