मखमलची दुसरी वीण

कूलरची जाळी धुवायला काढली, की पौर्णिमाबाईंच्या हाताला केसांचा गोळा लागायचा. अकोल्याचा मे महिना. कूलर बंद ठेवण्याची सोय नाही, आणि घरची कुत्री मखमल बसायची ती नेमकी कूलरच्या मागे, पाणी ठिबकून गार झालेल्या फरशीवर. तिचे सगळे केस जाळीच्या गवतात जाऊन अडकायचे.

"अवो, तुमी तर लोकायले सांगता का या जातीचे केस गळत नाही," त्यांनी ओला गोळा नवऱ्यासमोर धरला. "मंग हे काय माहे केस हायेत?"

देवमन पुंडकरांनी चहाच्या कपातून मान वर केली. "थोडेफार गळतातच. बाकी कुत्र्यायइतके नाही गळत."

"थोडेफार? बकरा भादरल्यावानी दिसून राहिलं हे!"

"सकाळी सकाळी डोकं नको खाऊ. दुपारी नितेश बादलले घेऊन येऊन राहिला. मखमल माजावर आली हाये, हे दिवस वाया जाऊ द्याचे नाही."

पौर्णिमाबाईंनी गोळा कचऱ्यात टाकला. "तिच्या अंगावर अजून मांस नाही भरलं. पयलीच वीण हिवाळ्यातली. बाई असती तर म्हटलं असतं का तुमी असं?"

देवमनभाऊंनी कप खाली ठेवला. ते दुकानात जायच्या तयारीला लागले.

त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. संकरित कपाशीच्या वाणांबद्दल त्यांच्याइतकं बोलणारा माणूस बाजारात दुसरा नव्हता. मखमल ही लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडोर आणि कुरळ्या केसांचा पूडल यांच्या संकरातली. ती आणि तिचा सख्खा भाऊ बादल त्यांनी नागपूरहून एकाच घरून आणले होते. बादल परतवाड्याला मेव्हण्याकडे, नितेशकडे ठेवला. हिवाळ्यात या बहीण-भावाची पिल्लं झाली आणि हातोहात गेली. काही अमरावतीला, एक धामणगावला. प्रत्येकाला देवमनभाऊंनी तेच सांगितलं होतं : हायब्रीड हाये, आजारी पडत नाही, केस गाळत नाही, दम्याच्या माणसालेही चालते.

पिल्लू नेणाऱ्यांपैकी एकानेही आई-बापांबद्दल विचारलं नाही. सगळ्यांनी फोटो तेवढे काढले.

बहीण-भावाचीच जोडी का लावली, असं पौर्णिमाबाईंनी तेव्हा विचारलं होतं. देवमनभाऊ हसले होते. "बीजोत्पादनात मूळ वाण कसा राखतात? बाहेरचा पराग शिरू देत नाही. त्याचा त्यालेच. तवाच एकसारखं पीक येते." बियाण्यांच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे इतकं सरळ वाटत होतं, की त्यात काही चूक असेल अशी शंकाही त्यांना आली नाही.

ते दाराबाहेर पडणार, तोच फाटकाशी गाडी थांबली. अमरावतीचे खुशालराव उतरले. पोस्टातून निवृत्त झालेले, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. कडेवर हिवाळ्यातल्या विणीतलं कुरळं पिल्लू होतं.

"देवमनराव, रागावू नका. बुंदीले वापस आणलं."

"काहून? काय झालं?"

"माह्या नातीसाठी, गीतांजलीसाठी नेलं होतं. तिले दमा हाये, हे मी तुमाले आधीच सांगतलं होतं. तुमी म्हटलं, चालते. दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं हो पोरीले. पिल्लू जवळ घेतलं का छाती भरून येते."

"तुमी झोपवत असान त्याले पोरीच्या गादीवर!" देवमनभाऊंचा आवाज चढला. "कुत्रं कुत्र्यासारखं ठेवा ना बा!"

खुशालराव अवघडले. "ठेवलं असतं अंगणात. पण हे सारखं धडकते. दाराले, बादलीले. जिना तर उतरतच नाही."

"खोडकर हाये, दुसरं काय. चाला डॉक्टरबाईकडं! मखमललेही दाखवाचंच हाये आज. तुमच्यासमोरच विचारतो."

पौर्णिमाबाईंनी पदराला हात पुसले. "मीही येते," म्हणाल्या, आणि कोणी काही म्हणायच्या आत मखमलला घेऊन गाडीत बसल्या.

डॉक्टर अनीसा यांच्या दवाखान्यात त्या वेळी गर्दी नव्हती. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि बुंदीला टेबलावर ठेवलं. मग डब्यातून कापसाचा एक बोळा घेतला, पिल्लाच्या डोळ्यांसमोर उंच धरला आणि सोडून दिला.

कापूस आवाज न करता खाली आला. बुंदीची मान हलली नाही.

त्यांनी पुन्हा सोडला, दुसऱ्या बाजूने. बुंदी शेपटी हलवत सरळ समोर पाहत राहिली. कापूस तिच्या नाकापासून बोटभर अंतरावरून गेला.

डॉक्टरांनी खोलीत अंधार केला, उपकरण लावून बराच वेळ डोळे तपासले. दिवा लावला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"डोळ्यांचे पडदे जन्मापासूनच नीट घडलेले नाहीत. नागपूरला दाखवून खात्री करू, पण मला उम्मीद कमी वाटते. देवमनभाऊ, बाप कोण हिचा?"

"बादल. मखमलचाच भाऊ."

"सगा भाऊ?"

"सगा. वाण शुद्ध राहावा म्हून."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आणि आज मखमलला इथं कशासाठी आणलं?"

"पुन्हा लावाची हाये. ठीक हाये का पाहा म्हटलं."

"या अल्लाह!" त्या खुर्चीत बसल्या. "ही जात आली कुठून, माहीत आहे तुम्हाला? ऑस्ट्रेलियात वाटाड्या कुत्री तयार करणारी एक संस्था होती. एका अंध बाईला तसं कुत्रं हवं होतं, पण तिच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचा त्रास. म्हणून लॅब्राडोर आणि पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस अन् लाळ त्या नवऱ्याकडे तपासायला पाठवली. किती चालली? एकच! बाकी दोन त्याच आई-बापांची, तरी नाही चालली. आणि तुम्ही न तपासता दम्याच्या पोरीला पिल्लू दिलं."

खुशालराव खाली पाहत होते.

"पुढे जगभर लोकांनी वाटेल तशी पैदास सुरू केली. ज्यांनी तो पहिला संकर केला, त्यांनीच नंतर पस्तावा बोलून दाखवला. अंध बाईला वाट दाखवायला घडवलेलं कुत्रं, भाऊ! त्याच जातीचं पिल्लू तुमच्या घरी आंधळं जन्मलं."

"पण मॅडम, वाण राखाचा तर असंच करतात!" देवमनभाऊ हट्टाने म्हणाले. "आमच्या प्लॉटात..."

"ठीक. तुमच्या प्लॉटातलंच विचारते. शुद्ध वाण राखताना खुरटी, रोगट, भेसळ झाडं निघतात ना?"

"निघतात."

"काय करता त्यांचं?"

"उपटतो. बांधावर फेकतो."

"मग सांगा," डॉक्टरांनी बुंदीला उचलून त्यांच्या हातात दिलं, "हिला कोणत्या बांधावर फेकू?"

देवमनभाऊंनी पिल्लू छातीशी धरलं. बुंदी त्यांचा हात चाटत होती. बहीण आणि भाऊ, दोघांच्या अंगात एकच दोष लपलेला असला तर तो पिल्लांत उघडा पडतो; नर-मादीचे डोळे अन् खुबे आधी तपासावे लागतात; पैदास करून विकायची तर सरकारी नोंदणी लागते. डॉक्टर सांगत होत्या. हे सगळं देवमनभाऊंना आधी विचारता आलं असतं. दवाखाना दुकानापासून हाकेच्या अंतरावर होता.

पौर्णिमाबाई मखमलच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "नितेश निघाला असन."

देवमनभाऊंनी फोन लावला. "नितेश, कुठं हायेस?"

"अकोट सोडलं भाऊजी. बादल मस्त झोपला हाये मांगच्या सीटवर."

"तिथूनच वापस फीर."

"अरे! मी लोकायले पिल्लं कबूल करून बसलो!"

"मीही बसलो होतो. त्यायले सांग, आता पिल्लं नाही. कधीच नाही." मग ते डॉक्टरांकडे वळले. "माज उतरला का मखमलचं नसबंदीचं ऑपरेशन करून टाका. बुंदी आमच्याच घरी राहीन. खुशालराव, नातीले म्हणा, चूक माही हाये, तिची नाही अन् बुंदीचीही नाही."

खुशालराव पुढे झाले. त्यांनी बुंदीच्या डोक्यावर एकदा हात ठेवला.

दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून देवमनभाऊंनी धामणगावला फोन लावला. पलीकडून बाई आनंदाने म्हणाल्या, "भाऊ, पिल्लू झकास हाये! माया बहिणीले पाह्यजे, दुसरं कवा देता?"

"दुसरं नाही देणार, ताई. पयले त्याचे डोळे दाखवा डॉक्टरले. मी माहीत नसताना तुमाले लय काही सांगतलं होतं." फोन झाल्यावर ते उन्हातच उभे राहिले. मग अमरावतीच्या पुढच्या घराचा नंबर शोधू लागले.

मित्रहो, देवमनभाऊ दुष्ट नव्हते, आणि पिल्लं हौसेने नेणारे आपणही नाही. पण बियाण्याची पिशवी घेताना आपण उगवणशक्ती विचारतो, आणि जिवंत जीव घेताना मात्र फक्त त्याचं रूप पाहतो! कुत्र्याला आपलंसं करायचं असेल तर आधी त्याच्या आई-बापांची तब्येत विचारा. उत्तर मिळालं नाही तर रिकाम्या हाताने परत या. आणि आपल्या दारची मादी व्यायला लावण्याआधी, जन्मणाऱ्या प्रत्येक पिल्लाची, त्यातल्या आंधळ्याचीही, जबाबदारी घेण्याची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. ती नसेल तर मादीला सुखाने जगू द्या.