चेहरा जुळतो

दर्शनाने सवयीने ‘मंजूर’वर बोट नेलं आणि ते तिथेच थांबलं. पडद्यावरच्या चौकोनात तिची आजी हसत होती.

चौदा एप्रिलला नेसायची पांढरी साडी, चष्मा काढलेला, केस चापूनचोपून बसवलेले. खाली आधार कार्डावरचं नाव, रमाबाई, वय चौऱ्याहत्तर. त्याखाली हिरव्या अक्षरांत: चेहरा जुळतो.

ठाण्यातल्या त्या कचेरीत दर्शनाचं काम एवढंच होतं. तेव्हा, म्हणजे २०२४ साली, मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळणं कायद्याने चालत होतं; फक्त अठराच्या आतल्या पोरांना आत सोडायचं नाही, म्हणून खातं उघडणाऱ्याचं कार्ड आणि चेहरा माणसाने तपासायचा. विभागाचं नाव ‘सुरक्षित खेळ’. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. सरकारने कर वाढवला तशी कंपनीने निम्मी माणसं कमी केली, आणि एका चेहऱ्याच्या वाट्याला चार सेकंद येऊ लागले.

आजीला आलेला फोन उचलायचा तरी हिरवं बटण कुठलं ते विचारावं लागे. हे खातं कोणाला हवंय, हे दर्शनाला कोणी सांगायला नको होतं. मोहने गावातल्या घरी या वेळी आजीजवळ एकटा राजरत्न असायचा, बारावीतला, सतरा वर्षांचा तिचा भाऊ. आणि फॉर्मच्या फोटोसाठी कोणी असं हसत नाही. आजी नातवाकडे बघून हसत होती.

तिने ‘नामंजूर’ दाबलं. कारण निवडलं, फोटो अस्पष्ट. खरं कारण दिलं असतं तर चौकशी लागली असती. पोराचं नाव कशाला चव्हाट्यावर आणा, घरी जाऊन कान उपटू, असा तिचा हिशेब.

तीन मिनिटांनी आजी पुन्हा आली. आता खिडकीजवळ, उजेडात. दर्शनाने पुन्हा नामंजूर केलं. तिसऱ्या फोटोत आजीच्या कपाळावर घाम होता आणि ती सांगितल्यासारखी, ओठ ताणून हसत होती. दर्शनाला रडू आलं. ती उठली, लॉकरमधून फोन काढला आणि जिन्यात जाऊन घरी लावला.

“आजी, काय करतेस?”

“काय करणार? राजा फोटो काढतोय माझा सकाळपासून. डोळे मिट, डोळे उघड. येतच नाय म्हणतो चांगला.” आजीचा आवाज हिरमुसला होता. “म्हातारी झाले ना गं मी. तुझ्या आजोबांचा बघ, एका फटक्यात आलेला.”

“आजोबांचा? कधी?”

“हॉस्पिटलात नव्हते का, तेव्हा. राजाने नाकातली नळी जरा बाजूला केलेली. हसलेले पण त्याच्याकडे बघून. दुसरं होतं कोण तिथं?”

दर्शना जागेवर परतली. राजरत्नाचा फोन नंबर घालून तिने जुनी नोंद उघडली. सखाराम, वय एक्क्याऐंशी. खातं चालू. आजोबा जानेवारीत गेले होते. नोंदीप्रमाणे काल दुपारी ते अकरा डाव खेळले होते, अकराही हरले होते. त्यांची बँकेतली शिल्लक हॉस्पिटलने खाल्ली, असंच घरात सगळे धरून चालले होते.

तिने फोटो मोठा केला. गाल आत गेलेले, नाकावर चिकटपट्टीचा पांढरा डाग, आणि तरी तोंडभर हसू. मंजुरी देणारा: ११७. लागलेला वेळ: तीन सेकंद.

११७ म्हणजे दर्शना. हॉस्पिटलच्या बिलासाठी त्या आठवड्यात ती दोन-दोन पाळ्या करत होती. आजोबांना शेवटचं भेटायला ती गेलीच नव्हती. तेच बिचारे तिच्यासमोर येऊन गेले होते.

तिने तक्रारीचा फॉर्म उघडला. खातेदार मयत. खेळणारा नातू, वय सतरा. तिसऱ्या खात्यासाठी उद्या तो शेजारच्या एखाद्या म्हातारीला खिडकीशी बसवेल, हे तिला आता स्पष्ट दिसत होतं.

“दर्शना, जुनं काय उकरतेस?” तिचे टीम लीडर श्रीपाद सर मागे येऊन उभे होते. “पास करणाऱ्याची नोकरी जाते यात, माहितीये ना? कोणी केलेलं?”

“मी.”

ते वाकले. पडद्यावरचं आडनाव वाचलं, मग तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं. आवाज खाली आला.

“अगं, घर तुझ्या एकटीवर आहे ना? बंद कर ते. मी काही बघितलं नाही.”

‘मंजुरी देणारा’ हा शेवटचा रकाना रिकामा होता. दर्शनाने त्यात ११७ लिहिलं.

“मीपण बघितलं नव्हतं, सर,” ती म्हणाली, आणि तिने ‘पाठवा’ दाबलं.