पंधरा ते आठ

पनवेलच्या लाइन आळीतल्या घराचा जिना पद्मजा कान टवकारून चढायची. पहिल्या पायरीवरच कळायचं, वर लेक हसतेय की नाही. हल्ली रोज हसत होती. आजारी लेकीचं हसू ऐकून आईचा जीव सुखावतो म्हणतात; पद्मजाच्या मात्र पोटात कुणी लिंबू पिळल्यासारखं व्हायचं.

दिपा नऊ वर्षांची. सांध्यांवर आलेला ताप काळजापर्यंत पोचला, आणि डॉक्टरांनी वर्षभर शाळा बंद केली. धावायचं नाही, जिना नाही, गार फरशीवर बसणं नाही. पोर मोठी हुशार. अंग खाटेवर, पण डोकं पाखरासारखं भिरभिरणारं. पद्मजा स्वतः शाळेत गणित शिकवायची. तिनं पदर खोचला आणि ठरवलं, पोरीला घरीच शिकवीन, आणि असं शिकवीन की गणित म्हणजे खाऊ वाटला पाहिजे. तिनं पाढ्यांच्या ओव्याच रचल्या.

सात सत्ते एकोणपन्नास, फुलं वेचिते मी गं बाई
पन्नासाला एक उणं, कळी अजून उमलली नाही

दिपानं ओव्या पाठ केल्या. गोड आवाजात म्हणूनही दाखवल्या. पण हसली ती आत्यापाशी.

आत्या म्हणजे प्रमिला, पद्मजाची थोरली नणंद. पद्मजा सकाळी शाळेत गेली की पोरीजवळ कुणी हवं, म्हणून ती आपटा गावाहून येऊन राहिली होती. सातवी शिकलेली, बोलायला मोकळी, हिशेबाला कच्ची. दारात रोज रांगोळी घालायची. दिपाला खाली बसून बघता येईना, म्हणून एकदा तिनं खाटेवरच चिंचोके मांडले. ठिपक्यांची रांगोळी, पाच ते तीन. मधल्या ओळीत पाच, मग वर एकेक कमी करत तीनवर थांबायचं, खालीही तसंच.

"एकूण किती गं झाले, आत्या?"

"रांगोळीचे ठिपके कुणी मोजतं का बाई? असतील पंचवीस."

"एकोणीस! हरलीस!"

तिथून खेळ लागला. या एकोणीस चिंचोक्यांचा कॅरमसारखा चौकोन होईल का? नाही, सोळाचा होतो, तीन उरतात. मग सात ते चार. सदतीस, आणि एकच उरला. आत्या म्हणाली, "गिळून टाकते मी तो. चौकोन झाला म्हणायचं." त्यावर दिपा धाप लागेपर्यंत हसली. नऊ ते पाच फसली, अकरा ते सहा फसली. कुठल्या रांगोळीचा चौकोन होतो, एकही न उरता? दोघींनी नियमच केला: तोंडी करायचं नाही, मांडून बघायचं. आत्या प्रत्येक वेळी ठासून काहीतरी सांगायची आणि प्रत्येक वेळी चुकायची.

पद्मजा दुपारी घरी यायची तेव्हा पोरीचं गणित जेवून झालेलं असायचं. तिच्या ओव्यांना उरायची जांभई. 'आयत्या बिळावर नागोबा,' ती पोळ्या लाटता लाटता मनात म्हणायची. 'पेरलं मी, आणि कापतंय कोण?'

त्या दिवशी ती आली तेव्हा तेरा ते सात मांडून झाली होती. सहा उरले होते.

"आई, आता पंधरा ते आठ! पण चिंचोके संपले. आत्या उद्या आणणार आहे बाजारातून. आत्या म्हणते, दोन उरतील."

"दोनच," प्रमिला म्हणाली. "लाव पैज."

पद्मजानं हात धुता धुता हिशेब केला. चौदापासून आठपर्यंत सत्त्याहत्तर, दुप्पट एकशे चोपन्न, वर मधले पंधरा. तिचा हात नळाखालीच थांबला. होत होता. चौकोन होत होता! आणि उद्या सकाळी या खाटेवर शेवटचा चिंचोका जागी बसेल, पोर टाळ्या पिटेल, गळ्यात पडेल. आणि गळा असेल वन्संचा. आपण तेव्हा शाळेत फळा पुसत असू.

"एकही उरणार नाही," ती दारातूनच बोलली. "एकशे एकोणसत्तर. तेराचा वर्ग. तेरा ओळी, ओळीत तेरा."

खोलीत कुणी दिवा मालवावा तसं झालं. दिपानं आईकडे पाहिलं, मग चिंचोके डब्यात भरले, ओंजळ ओंजळ, आणि झाकण दाबून लावलं.

"झालं मग," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात प्रमिला जवळ आली. "पद्मा, पोरीच्या तोंडापर्यंत गेलेला घास होता गं तो."

"घास भरवायला मी आई आहे, वन्सं. आणि गणित माझा विषय आहे, तुमचा नाही."

 संध्याकाळी प्रमिलानं पिशवी भरली, "घराकडे बघून येते" म्हणाली आणि आपट्याची एस.टी. पकडून गेली.

पद्मजानं शाळेत रजा टाकली. हवं होतं तेच झालं: सबंध सकाळ, सबंध लेक, मधे कुणी नाही. तिनं नव्या ओव्या म्हटल्या, कोडी घातली. दिपानं सगळी सोडवली, शहाण्या मुलीसारखी, खिडकीकडे बघत.

मग पद्मजाला वाटलं, वन्सं चुकतात म्हणून पोर खुलते ना? चुकणं काय अवघड आहे!

"सात आठे चोपन्न," ती भोळा चेहरा करून म्हणाली.

दिपानं तिच्याकडे अशी कीव केल्यासारखी नजर टाकली की पद्मजाचे कान तापले. "आई, मुद्दाम चुकू नकोस. आत्या खरी चुकते."

"बरं. मग असं काहीतरी घेऊ, जे मलाही माहीत नाही."

"तुला सगळं माहीत असतं."

"पंधरा ते आठच्या पुढची कुठली रांगोळी चौकोनात बसते? आईशप्पथ, माहीत नाही मला."

दिपा वळली. खिडकी सोडून वळली! चिंचोके पुरणार नव्हते, म्हणून पाटीवर आकडे मांडायला लागली. सतरा ते नऊ, नाही. एकोणीस ते दहा, नाही. एकवीस ते अकरा, सात उरले. पद्मजाही पाय वर घेऊन खाटेवर बसली, बोटं मोजत, पुटपुटत. पुढची तेवीस ते बारा. तिला आधी मिळायला हवं होतं. नाही, पोरीला मिळायला हवं होतं. पण तोंड कुणाचं ऐकतंय?

"चारशे!" ती ओरडली. "विसाचा वर्ग! होतो गं, होतो!"

दिपानं आपली बेरीज पाहिली. पुन्हा पाहिली. "तीनशे सत्त्याण्णव."

"छे, बघू." पद्मजानं पाटी ओढली. दुप्पट करून तीनशे चौऱ्याहत्तर लिहायचे तिथं तीनशे सत्त्याहत्तर.

"तीन चिंचोके कुठून आणलेस गं? उसने?" आणि दिपा हसली. उशी तोंडावर घेऊन, खाट हलवून हसली. पद्मजाला वाटलं, हे हसू पदरात बांधून ठेवावं. तेवढ्यात उशीमागून शब्द आले, "आत्याला सांगायचं! आई चुकली, खरी चुकली! आत्या कधी येणार?"

लिंबू पुन्हा पिळलं गेलं. पद्मजा पाटी पुसत राहिली.

"आई, येणार ना ती?"

वन्सं आपण होऊन येणार नाहीत, हे पद्मजाला पक्कं ठाऊक होतं. का, तेही.

रविवारी दिपाचे बाबा घरी होते. पद्मजा एकटीच आपट्याला गेली. प्रमिला अंगणात कपडे वाळत घालत होती. पद्मजाला क्षमा मागायची होती, पण तोंडातून निघालं भलतंच.

"वन्सं, मी चुकले. तीन चिंचोक्यांनी."

"कोण, तू?" आणि प्रमिला ओलं लुगडं हातात घेऊन तश्शीच हसली, जशी दिपा हसते, खांदे हलवत. पोर हसते ती हिच्यासारखी. हे इतके दिवस कसं दिसलं नव्हतं? पद्मजाला बोचलं, पण तिनं पिळ्यातलं दुसरं लुगडं उचललं आणि झटकून दोरीवर टाकलं.

"दिपाला ते तुम्हाला स्वतः सांगायचंय," ती म्हणाली. "तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करा. आणि चला लवकर, पुढची एस.टी. सुटेल."

गाडीत दोघी खेटून बसल्या. पाताळगंगा नदी मागं पडली.

"आता पुढची कुठली गं?" प्रमिलानं विचारलं.

"पंचवीस ते तेरा."

"बसेल ती चौकोनात. बघच तू. मला आतून वाटतंय."

बसत नव्हती. पद्मजानं येतानाच गाडीत मोजून पाहिलं होतं. आकडा ओठांवर आला. तिनं खिडकीबाहेर पाहिलं, पदराचं टोक दातात धरलं, आणि पनवेल येईपर्यंत सोडलं नाही.