सप्टेंबरचे पाणी

मी एक जुनी चार्ट लायब्ररी आहे. मित्रांनो, नाव ऐकून पुस्तकांची कपाटे डोळ्यांपुढे आणू नका. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत मला लिहिले आहे. कुणी आकडे दिले की त्यांचा आलेख पडद्यावर काढायचा, एवढेच माझे काम.

मला घडवणारे हात पुष्कळ होते. ते एकमेकांना कधी भेटलेही नाहीत. त्यांनी मला सर्वांसाठी फुकट ठेवले, आणि जबलपूरच्या गढा भागात राहणाऱ्या अनुपमने मला उचलले. वेबसाइट बनवणे हा त्याचा धंदा. सराफ्यातल्या एका पेढीसाठी मी सोन्याच्या भावाची रेघ काढली, तेव्हा लोक पडद्यापाशी थांबून बघत. ते माझे कौतुकाचे दिवस.

माझ्यामुळे तो चिडायचाही. पानावरच्या माझ्या चौकटीला उंची द्यायला विसरला की पान कोरे दिसे. आकडे अक्षरे म्हणून आले की माझी रेघ वाकडी जाई. पण अशा वेळी बहुधा पडद्यामागे लाल अक्षरांत तक्रार उमटे. ती वाचून तो चूक शोधी. लाल अक्षरे नाहीत म्हणजे सगळे ठीक, अशी त्याला सवय लागली. पुढे सगळा घात त्या सवयीनेच केला.

बापूसाहेब हे संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते नर्मदेच्या पाण्याची नोंद ठेवणारे एक छोटे मंडळ चालवीत. शर्मिलाताई शाळेत विज्ञान शिकवीत आणि पाच वर्षे रोज सकाळी, शाळेच्या आधी, तिलवारा घाटावर जाऊन काचेच्या नळीत पाणी घेऊन ते किती गढूळ आहे ते मोजीत. घाटावरूनच त्या मोबाइलने आकडा पाठवीत. याच नोंदींच्या आधारे, नाल्याचे पाणी नदीत सोडू नये, असा अर्ज मंडळ करणार होते. जुलैत अनुपमने मंडळाचे नवे पान बनवले आणि त्या नोंदी माझ्या हाती आल्या.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बापूसाहेबांनी एप्रिल ते जूनचा आलेख उघडला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मे महिना ठिपक्यांनी भरलेला होता. पण आईच्या ऑपरेशनसाठी शर्मिलाताई अख्खा मे नागपूरला होत्या, आणि त्यांच्या जागी कुणीच गेले नव्हते. उलट जून कोरा होता, आणि जूनमध्ये तर आपण एकही दिवस चुकवला नाही असे त्यांनी जुलैतच सांगितले होते.

बापूसाहेबांनी अनुपमला बोलावले. त्याने चौकट तपासली, आकडे तपासले, लाल अक्षरे शोधली. काहीच सापडले नाही.

"चार्ट झूठ नाही बोलत, बापूसाहेब," तो म्हणाला. "चार्ट तेच दाखवून राहिला, जे कुणी भरलं."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! मी गप्प राहिले, आणि संशय वाढत गेला. बापूसाहेब तिलवाऱ्याला जाऊन नाववाल्या अंबादासला विचारून आले, की बाई जूनमध्ये खरोखर येत होत्या का. येत होत्या, असे तो म्हणाला. पण मनात किंतु शिरला की साक्षीदारही खोटा वाटतो. बाईंनी याला पढवले असेल, असे त्यांच्या मनात आले. मग मागच्या पाच वर्षांच्या नोंदींवरही त्यांचा विश्वास बसेना. अर्ज त्यांनी थांबवला.

ही चौकशी अंबादासकडूनच शर्मिलाताईंच्या कानावर गेली. सहा ऑगस्टला घाटावरून त्या तशाच मंडळाच्या खोलीत आल्या. अनुपम तिथेच होता. बापूसाहेबांनी नजर न मिळवता आलेख दाखवला आणि विचारले, नागपुरात बसून नर्मदेचे पाणी कसे मोजले?

बाईंनी माझ्या मे आणि जूनवरून बोट फिरवले.

"अनुपम भैया, जरा पुढचे तीन महिने उघडा," त्या म्हणाल्या.

जुलै ते सप्टेंबरचा आलेख आला. जुलै भरलेला, ऑगस्ट भरलेला, आणि सप्टेंबरमध्ये सहा ठिपके.

"अजून सप्टेंबर लागला नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "मग मी पुढच्या महिन्याचं पाणी कसं मोजून राहिली?"

अनुपमने आपण लिहिलेल्या ओळी पुन्हा उघडल्या आणि त्याचा चेहरा उतरला. जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते. तिथे जानेवारी म्हणजे शून्य, एप्रिल म्हणजे तीन. अनुपम एप्रिलसाठी चार पाठवत होता, म्हणून मी प्रत्येक महिना पुढे सरकवून काढत होते. एप्रिलचे ठिपके मे महिन्यात, आणि नागपूरचा कोरा मे जूनमध्ये. जावास्क्रिप्टच्या लेखी ती चूकच नव्हती, म्हणून लाल अक्षर उमटले नाही. एक वजा केला आणि सगळे ठिपके आपापल्या घरी गेले.

बापूसाहेबांनी हात जोडले. "चुकलं माझं, ताई. आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

"अंबादासला विचारलंत," बाई म्हणाल्या. "मला नाही."

अर्ज त्याच आठवड्यात गेला. शर्मिलाताई आजही घाटावर जातात. पण आता त्या आकडा वहीतही लिहितात, आणि दर शनिवारी बापूसाहेब तिलवाऱ्याला जाऊन त्याखाली सही करतात. तशी अट बाईंनीच घातली. बापूसाहेब दर वेळी चहाला थांबायला बघतात. बाई शाळेची वेळ झाली म्हणून निघून जातात.

माझ्या जागी आता नवी लायब्ररी आणायची, असे अनुपमने ठरवले आहे. मला त्याचे दुःख नाही. फक्त एक मागणे आहे. आलेख सुबक दिसला की तो खरा वाटतो, म्हणून आधी त्याच्यावर संशय घ्या. माझी तारीख तपासा, माझे आकडे मूळ नोंदीशी ताडून बघा, मला शंभरदा पुसून पुन्हा काढा. मला काही वाटत नाही. माणसाला मात्र वाटते, मित्रांनो, आणि ते एक वजा करून दुरुस्त होत नाही.