व्याह्यांच्या आडनावाचं निरूपण

त्र्यंबककाकांना कीर्तनात शब्दाची फोड करायची भारी हौस. शब्द कुठलाही द्या, तो चिरून त्यातून देव काढून दाखवतील. मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळींपुढे त्यांनी एकदा 'थर्मोस्टॅट' या शब्दावर पूर्वरंग लावला होता. आतली ऊब बाहेरच्या हवेवर सोपवू नये, असं सांगताना त्यांनी भल्याभल्या सॉफ्टवेअरवाल्यांना डोळे पुसायला लावले. जन्मभर पुलांची गणितं केलेला हा निवृत्त इंजिनियर धोतर नेसून, उपरणं कमरेला कसून चिपळ्या वाजवू लागला, की प्रत्यक्ष पांडुरंगालाही जरा पुढे सरकून बसावंसं वाटत असेल.

या खेपेला मात्र शब्द चिनी होता आणि तो काही केल्या फुटेना.

झालं होतं असं. काकांच्या मुलाला, संजीवला, मुलगी झाली. सून मेइ तैवानची. शिकायला मिनेसोटात आली आणि इथलीच झाली. लग्नाला तिचे वडील आले नव्हते. तब्येतीचं कारण कळवलं होतं, पण ते कुणालाच खरं वाटलं नव्हतं. आता २००६ च्या ऑक्टोबरात नातीचं तोंड बघायला तिचे ते वडील, वानसाहेब, पहिल्यांदाच येणार होते. आपलं बारसं आणि त्यांच्याकडचा महिना भरल्याचा सोहळा एकाच शनिवारी करायचं ठरलं. काकांनी मागणं एकच मागितलं, बारशाला कीर्तन. आणि मनात धरलं ते असं, की वानसाहेबांनी ते शेवटपर्यंत बसून ऐकावं. आपल्या नावाचा या घरात मान झाला हे त्यांना परक्या भाषेतूनही कळावं. पाहुणे म्हणून बसलेला माणूस उठताना व्याही म्हणून उठावा.

मान करायचा तर नावाचा अर्थ हवा. काकांनी सुनेला विचारलं. ती त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, पण 'बाबा' मात्र अगदी आपल्यासारखं म्हणायची.

"तो आकडा आहे, बाबा. दहा हजार."

"नुसता आकडा?"

"म्हणजे दहा हजार, किंवा खूप, किंवा सगळंच. जगात जे जे आहे त्याला आम्ही 'दहा हजार गोष्टी' म्हणतो. राजाला आशीर्वाद द्यायचा तर दहा हजार वर्षं जग म्हणायचे."

काका हरखले. विष्णूला सहस्र नावं पुरतात, आणि हे घराणं त्याच्या दसपट घेऊन बसलंय. त्यांनी मेइकडून ते अक्षर मोठं काढून घेतलं, असं: 萬. मग गावातल्या लायब्ररीतून लहान मुलांचं चिनी अक्षरांचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, की अक्षराच्या डोक्यावर असे दोन तुरे दिसले, तर ती गवताची खूण समजावी.

झालं. गवत म्हटल्यावर काकांना दूर्वा दिसल्या. दूर्वा म्हणजे गणपती आला, आणि गणपती आला म्हणजे नमन आपोआप जुळलं. चिनी व्याह्यांच्या मस्तकी दूर्वा, आणि खाली दहा हजार चराचर. आठवडाभर काका घरात गुणगुणत हिंडत होते.

गुरुवारी ते पुस्तक परत करायला गेले आणि हौसेपोटी शेजारचं एक जाडजूड पुस्तक चाळायला घेतलं. तिथेच घात झाला. कासवाच्या कवचावर आणि बैलाच्या हाडांवर कोरलेली जुनी अक्षरं त्यात होती, आणि त्यात हेही होतं. वर दोन नांग्या, मध्ये धड, खाली वळलेली शेपटी. गवत नव्हतंच ते. मूळचा विंचू होता. पुढे नांग्या झिजल्या, आणि लिहिणाऱ्यांच्या हातून त्यांचं गवत झालं.

घरी येऊन त्यांनी टोपीसुद्धा काढली नाही.

"विंचू?" सुमित्राकाकूंनी भाजणीचा हात तसाच ठेवला. "व्याह्यांच्या नावात?"

"अगदी नांग्यांसकट."

"मग तुम्ही त्यावर बोलूच नका. दहा हजार म्हणा आणि पुढे जा."

"दहा हजार म्हणून पुढे जायला तो काय लॉटरीचा आकडा आहे?"

"मग दूर्वा म्हणा. छान होत्या की दूर्वा. त्या पुस्तकातच होत्या ना?"

"पुस्तकात गवत होतं. दूर्वा मी केल्या."

"दूर्वा केल्यात ना? मग विंचूही तुम्हीच झाकून टाका," काकू म्हणाल्या आणि भाजणीकडे वळल्या.

पण काकांचा पाय तिथेच अडकत होता. नारदाच्या गादीवर उभं राहून, खोटं आहे हे ठाऊक असताना ते बोलायचं नाही, हा त्यांच्या गुरुजींनी घालून दिलेला दंडक. चुकून बोललं तर देव सांभाळून घेतो, जाणून बोललं तर चिपळ्या हातात राहत नाहीत, असं गुरुजी म्हणायचे. गुरुवारी दुपारपर्यंत दूर्वा चालल्या असत्या. आता नाही. आणि विंचू म्हणावा, तर कीर्तनात विंचू येतो तो काम-क्रोधाची नांगी घेऊनच. लग्नाला न आलेल्या माणसाला भर सभेत उभं करून काय सांगायचं, की साहेब, तुमच्या घराण्यात विष आहे?

त्यांनी संजीवला फोन केला.

"बाबा, हे एवढं कोणी बघणार नाही," संजीव ऑफिसातून म्हणाला. "मेइच्या डॅडना मराठी येत नाही. यू कॅन से एनीथिंग."

"देवाला येते ना मराठी."

"ओके. पण शॉर्ट ठेवा हं. केटररचं जेवण बारा वाजता येतंय. आणि प्लीज, तो चार्ट वगैरे नको."

चार्ट काकांनी आधीच केला होता. मोठ्या पांढऱ्या कागदावर, मार्करनं, हातभर उंचीचं अक्षर.

शनिवारी संजीवच्या बेसमेंटमध्ये सगळी जमली. वानसाहेब उंच, किडकिडीत, कोटाची सगळी बटणं लावलेले. तैवानात त्यांचं वडिलोपार्जित औषधांचं दुकान होतं, एवढंच काकांना ठाऊक. त्यांनी लाल रंगवलेल्या अंड्यांची टोपली आणली होती, शुभ म्हणून. ती नैवेद्याशेजारी ठेवायची की नाही यावरून काकू आणि मेइ यांच्यात हलक्या आवाजात बरंच काही झालं, आणि अखेर टोपली फ्रीजवर गेली. वानसाहेबांनी ते पाहिलं. तोंडावरची रेषा हलली नाही.

पाळणा झाला, अनया नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. काका उभे राहिले.

तबल्याला अनीश होता. नागपूरचा, व्हिसावर आलेला, हात गोड. पण बसतानाच म्हणाला, "काका, आज माझी ऑन-कॉल ड्यूटी आहे यार. फोन आला तर जरा सांभाळून घ्या."

"भगवंताचा आला तर घे. बाकीचे राहू देत."

नमन रंगलं. आधी शब्द सांगेन, मग त्याची गोष्ट सांगेन, असं काकांनी मंडळींना सांगून ठेवलं. गजराला सगळ्यांनी टाळ्या धरल्या. वानसाहेब घडीच्या खुर्चीवर ताठ बसले होते आणि मेइ त्यांच्या कानाशी लागून भाषांतर करत होती. पण त्यांची नजर काकांवर नव्हती. ती मागच्या भिंतीवरच्या कागदावर होती, मान किंचित कलती करून.

"तर हे अक्षर," काकांनी चिपळी वर केली. "आमच्या व्याह्यांचं आडनाव. याचा अर्थ दहा हजार. आणि याच्या मस्तकावर जे दिसतंय ते…"

मेइ थांबली. वानसाहेब थांबले. सगळं बेसमेंट थांबलं. दूर्वा जिभेच्या टोकाशी येऊन बसल्या होत्या, हिरव्यागार, आणि काकांना त्या गिळाव्या लागल्या. त्यांनी पुन्हा गजर धरला. अनीशनं गडबडून ठेका दिला. गजर संपला, काका पुन्हा म्हणाले, "तर याच्या मस्तकावर…" आणि पुन्हा गजर. काकूंनी झांज वाजवतच नवऱ्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर तिथेच बसला असता. पण गादीवर उभं राहिलेल्या कीर्तनकारानं आरतीआधी बसायचं नसतं.

तेवढ्यात अनया रडायला लागली. मेइ तिला घेऊन वर गेली. भाषांतर गेलं. वरून केटररनं बेल वाजवली आणि संजीव गेला. त्याच्यामागे हात द्यायला म्हणून दोघं, त्यांच्या मागे नुसतेच चौघं. मसालेभाताचा वास जिन्यावरून खाली आला आणि उरलीसुरली मंडळी पाय न वाजवता उठली. अनीशचा फोन थरथरला. "काका, सर्व्हर डाउन आहे," एवढंच बोलून तोही जिना चढला.

राहिल्या काकू. आणि राहिले वानसाहेब, खुर्चीवर, तसेच ताठ. बहुधा उठणं त्यांच्या रीतीत बसत नसावं.

काकांच्या मनात सगळा वैताग एकदम उसळून आला. विठ्ठला, माणसं नेलीस, तबला नेलास, भाषा नेलीस, आणि ज्याच्यासाठी मांडलं त्याला एकट्याला ठेवलंस. एक अक्षर कळेना त्याला. मग आता लपवायचं तरी कोणापासून?

"वानसाहेब," काका मराठीतच म्हणाले, "तुमच्या नावात विंचू आहे."

त्यांनी दोन्ही हात वर केले, बोटांच्या नांग्या केल्या. कमरेचं उपरणं सोडून मागे शेपटीसारखं वळवून धरलं. काकूंची झांज बंद पडली.

"गवत नाही हो. मी गवत समजलो होतो. विंचूच आहे, जाड्या पुस्तकात सगळं लिहिलंय. तुमच्या पूर्वजांना दहा हजार म्हणायचं होतं. तोंडात शब्द होता, पण त्याला लिहायला अक्षर नव्हतं. बेघर आकडा तो, मोठा थोरला, पण उघड्यावर. विंचवाच्या नावाचा आवाज जवळचा, म्हणून तो विंचवाच्या दारात आला. आणि विंचवानं काय केलं? नांगी मारली नाही. घर दिलं. सगळंच्या सगळं दिलं. पुढे त्याच्या घरात दहा हजार राहिले, चराचर राहिलं, राजाची वर्षं राहिली. विंचवाला स्वतःला मात्र दुसरं अक्षर घ्यावं लागलं, पायाशी किड्याची खूण जोडून. आणि आपल्याला वाटतं, विंचू म्हणजे नुसतं विष."

बोलता बोलता काकांचा आवाज सुरात चढला. स्वतःचंच नवल वाटलं त्यांना. इतक्या वर्षांत असं निरूपण जमलं नव्हतं, आणि जमलं ते रिकाम्या खुर्च्यांपुढे. त्यांना रडू फुटेलसं वाटलं, ते भक्तीनं की संतापानं, हे त्यांचं त्यांना ठरवता येईना.

वानसाहेब उठले.

गेलं, काका मनात म्हणाले. नांग्या कुणालाही कळतात.

पण ते जिन्याकडे गेले नाहीत. कागदापाशी आले, खाली पडलेला मार्कर उचलला, आणि त्या मोठ्या अक्षराशेजारी सावकाश काढू लागले. वर दोन नांग्या. धड. वळलेली शेपटी. हाडांवरच्या चित्रापेक्षा गुबगुबीत विंचू, अगदी नुकताच जेवल्यासारखा. मग मागे वळून त्यांनी त्या विंचवाकडे बोट दाखवलं, स्वतःच्या छातीकडे दाखवलं, आणि काहीतरी भरभर बोलू लागले.

मेइ अनयाला खांद्यावर घेऊन जिन्यात उभी होती. केव्हा आली होती, कुणास ठाऊक. वडील बोलत राहिले तशी ती हसू लागली, आणि हसता हसता तिला नीट बोलता येईना.

"पपा म्हणतात, आमच्या दुकानात वाळवलेल्या विंचवांचा एक खण आहे. फेफऱ्यावर, अर्धांगावर देतात. माझे आजोबा गिऱ्हाइकांना म्हणायचे, आम्ही वान लोक नातेवाईक विकून पोट भरतो."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. काकांना मात्र हसूही सुचेना. "मला सांगितलं का नाहीस हे?" ते सुनेला म्हणाले, जरा चढ्या आवाजातच. "गुरुवारपासून झोप नाही मला."

"मला कुठे ठाऊक होतं? मीही आत्ताच ऐकतेय. एवढं ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, बाबा."

वानसाहेब खुर्चीवर जाऊन बसले होते. त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं आणि मुलीला आणखी काही विचारलं.

"ते विचारतायत, पुढे काय झालं?"

"कसलं पुढे?"

"तुम्ही मगाशी सुरुवातीला म्हणालात ना, आधी शब्द सांगेन, मग त्याची गोष्ट सांगेन. त्यांना गोष्ट हवीय."

जिन्याच्या तोंडाशी संजीव उभा राहिला, हातात पत्रावळींचा गठ्ठा. "बाबा, जेवण गार होतंय. वर सगळे थांबलेत. जरा रॅप अप करा ना."

वानसाहेबांनी त्याच्याकडे न पाहताच तळवा वर केला, रस्त्यावर पोलीस करतो तसा. संजीव पत्रावळी घेऊन तिथेच थांबला.

काकांनी उपरणं पुन्हा कमरेला बांधलं. गाठ नीट बसेना, त्यांनी ती सोडून परत बांधली. उत्तररंग अख्खा बाकी होता आणि तबलजी वर सर्व्हर उठवत होता. त्यांनी काकूंना खूण केली.

"झांजेवर धरा," ते म्हणाले. "आणि जरा पुढे येऊन बसा. व्याह्यांना ऐकू गेलं पाहिजे."